पट्टी आमची, कर तुमचा?

यंदाच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या दहा-बारा जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि गप्पांची गाडी नेहमीप्रमाणे महागाईवरून लाडक्या बहिणीवर आली. एक वहिनी तावातावाने म्हणाल्या, "टॅक्स आम्ही भरायचा आणि ह्यांनी घरबसल्या दीड हजार घ्यायचे! आमच्या पैशांवर मजा चाललीये नुसती." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मीही गप्पच बसले. खरं सांगते, त्या वेळी मला उत्तरच सुचलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी मसाला दुधाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे आणि आणखी तीन घरी त्या धुणीभांडी करतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या.

आता यामागची एक गोष्ट सांगायला हवी. मावशींच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाचे दोन दरवाजे दिवाळीपासून मोडलेले आहेत. बायका पहाटे चारला उठतात, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर ओढणी धरून उभं राहायचं. वयात आलेल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. याबद्दल नगरपालिकेला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला होता आणि वस्तीतल्या सह्या मावशी गोळा करणार होत्या. हळदीकुंकवानंतर दोन दिवसांनी मी विचारलं, "किती सह्या झाल्या?" तर म्हणाल्या, "राहू द्या ताई. आम्ही काय कर भरतो? कोणत्या तोंडानं मागायचं?"

मैत्रिणींनो, मला वाटतं या एका वाक्यात आजच्या करांच्या सगळ्या चर्चेचं सार आहे. 'करदाते' म्हणजे कोणी तरी वेगळे, मोठे लोक. बाकीचे त्यांच्या जिवावर जगणारे. हे इतक्यांदा बोललं गेलंय की ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांनाही ते खरं वाटायला लागलंय. म्हणून मी मावशींना समोर बसवलं आणि मुलीची जुनी वही काढली. म्हटलं, "चला, हिशेबच करू या."

मावशींचा हिशेब

पहिलं आलं मोबाइलचं रिचार्ज. २९९ रुपयांचं मारलं, तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. म्हणजे पंचेचाळीस रुपये सरळ सरकारकडे. मग तेल, साखर, चहा पावडर, बिस्किटं, अंगाचा साबण, डोक्याचं तेल. या सगळ्यांवर ५ टक्के. यातल्या साबणावर, डोक्याच्या तेलावर आणि बिस्किटांवर पूर्वी १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ वर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांवरच राहिली. गॅस सिलिंडरवर ५ टक्के. सुटं धान्य, भाजी, सुटं दूध यांवर काही नाही, हेही खरं. सगळं मिळून मावशींच्या घरातून महिन्याला दोनेकशे रुपये जीएसटी जातो, असा आमचा हिशेब निघाला.

त्याशिवाय पोराच्या मोटरसायकलचं पेट्रोल. त्याच्या प्रत्येक लिटरमागे केंद्राचा अबकारी कर आणि राज्याचा व्हॅट असतो. पंपावर उभं राहिल्यावर तो काही तुमचं उत्पन्न विचारत नाही. लाखाची गाडी असो की जुनी मोटरसायकल, लिटरमागे कर सारखाच.

आणि मग मावशी जरा थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या बाटलीचं पण धरायचं का?"

धरायचं म्हणजे काय, तेच तर आधी धरायला हवं! दारूवरचं उत्पादन शुल्क आणि विक्रीकर ही राज्य सरकारच्या मोठ्या कमाईची जागा आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, तेव्हा त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज सांगितला होता. देशी दारूचीही किंमत वाढली. आता दारू महाग झाली म्हणून पिणारा कमी पितो, असं आपण वस्तीत तरी फारसं पाहिलेलं नाही. तो तेवढीच पितो आणि घरात देतो ते कमी करतो. मग ही वाढ भरली कोणी? पिणाऱ्याने की त्याच्या बायकोने? लाडक्या बहिणीचे पंधराशे एका हाताने येतात आणि त्यातले काही त्याच घरातून दुसऱ्या वाटेने तिजोरीत परत जातात. हा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

शेवटी मावशींनी घरून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात रेशन कार्ड, आधार आणि जपून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. पत्र्याच्या दोन खोल्यांची पट्टी, दरवर्षी मार्चच्या आत भरलेली. पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, म्हणून त्या कधी चुकवत नाहीत. पावतीवर खाली दिवाबत्ती, शिक्षण कर अशा वेगवेगळ्या रकमा होत्या. त्यात सफाईच्या नावानेही एक रक्कम होती!

"मावशी, हा कर नाही तर काय आहे?"

"ही तर पट्टी," त्या म्हणाल्या. "कर साहेब लोक भरतात."

बघा, आपल्या भाषेनेसुद्धा कशी वाटणी केलीये. साहेबाचा तो कर, गरिबाची ती पट्टी!

आणि आपला हिशेब?

मावशींची वही झाली, आता आपली उघडू या. हळदीकुंकवाला "टॅक्स आम्ही भरतो" म्हणणाऱ्या वहिनींच्या मनात प्राप्तिकर होता. त्यांचं म्हणणं पूर्वी बरोबरही होतं. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो, त्याला लपवायला जागा नसते. शेजारचा दुकानदार दुप्पट कमावून निम्मं दाखवतो आणि मास्तरांचा पै-पैचा हिशेब सरकारकडे असतो. हा राग खोटा नाही.

पण एप्रिल २०२५ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. नोकरदारांना तर प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात वर्षाला याहून जास्त पगार असणारी घरं किती असतील? त्या दिवशी माझ्या घरी बसलेल्या बहुतेक जणींच्या घरातून आता प्राप्तिकराचा एक रुपयाही जाणार नाही. माझ्याही नाही. राहिला व्यवसाय कर, तो वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. स्त्रियांना तर महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तोही २०२३ पासून माफ आहे.

म्हणजे आता आपण कोणता कर भरतो? साबणावर, तेलावर, रिचार्जवर, पेट्रोलवर आणि घरपट्टी. अहो, म्हणजे जो मावशी भरतात तोच की!

फरक एवढाच की मावशींची कमाई महिन्याच्या महिन्याला संपते. जे येतं ते बाजारात जातं आणि जाताना कर देऊन जातं. ज्याच्याकडे खर्च भागून उरतं, तो उरलेलं बँकेत, सोन्यात, प्लॉटमध्ये घालतो. म्हणून वस्तूवरचा कर दिसायला सगळ्यांना सारखा असला, तरी कमाईच्या मानाने तो गरिबाला जास्त लागतो. अर्थशास्त्रात याला प्रतिगामी कर म्हणतात. बी.ए.ला असताना मी ही व्याख्या पाठ केली होती. तिचा अर्थ मावशींच्या वहीत कळला.

आता जरा वरच्या मजल्याकडे बघू. वडिलोपार्जित मोठ्या मालमत्तेवर लागणारा मृत्युकर १९८५ साली बंद झाला. संपत्ती कर २०१५ च्या अंदाजपत्रकात रद्द झाला. त्यातून मिळतं थोडं आणि गोळा करायचा खटाटोप फार, असं कारण दिलं गेलं आणि त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार बसवला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल, असं सांगितलं गेलं. हे सगळे निर्णय चूकच होते, असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी कुठल्या हळदीकुंकवात कोणी म्हणालं का, की आमच्या पैशांवर कंपन्यांची मजा चाललीये?

आणखी एक उदाहरण आपल्या रोजच्या प्रवासातलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यावर किती विनोद झाले, आठवतंय ना? "बायका आता रोज माहेरी निघाल्या!" ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोलमाफी मिळाली. त्यावर एकही विनोद माझ्या कानावर आला नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मोटारवाल्याला सवलत मिळाली की तो 'दिलासा' आणि बाईला मिळाली की ते 'फुकट'. असं का?

जुनाच प्रश्न

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता, की सरकारी तिजोरीतला मोठा भाग राबणाऱ्या रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो. पैसा देणारे एक आणि शाळा मिळणारे दुसरे. मिठावरचा कर तरी काय होता? श्रीमंताच्या आणि मजुराच्या पानात मीठ तेवढंच, म्हणून कर तेवढाच. १९३० साली गांधीजींनी दांडीला जाऊन मूठभर मीठ उचललं, त्यामागे हाही अन्याय होता.

आणि याच महाराष्ट्राने एक फार चांगलं उत्तरही शोधून दाखवलेलं आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या आईच्या, सासूच्या तोंडून ऐकलेला असेल. खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर बायका लेकरं घेऊन जायच्या. तेव्हा विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्यातून उभी राहिली. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडा थोडा द्यायचा आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालायची. १९७७ मध्ये कायदाही झाला. दुकानाच्या घरपट्टीत 'रोजगार हमी कर' म्हणून जी रक्कम असते, तीही याच कामासाठी ठेवलेली. शहरातल्या पगारदाराने गावातल्या उपाशी बाईच्या मजुरीसाठी महिन्याला काही रुपये दिले आणि त्या बाईने त्यातून रस्ते, बांध, तलाव बांधून दिले. ही काही भीक नव्हती आणि उपकारही नव्हते. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, ज्याला गरज आहे त्याला मिळायचं आणि काम सगळ्यांच्या उपयोगाचं व्हायचं. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता.

त्या केंद्राच्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च दिल्ली देत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ केले, पण आपल्यासारख्या राज्यांनी ४० टक्के खर्च उचलायचा, असं ठरवलं. दिवस वाढले हे ऐकायला छान वाटतं. पण राज्याने आपला वाटा कुठून आणायचा, पुन्हा दारू आणि पेट्रोलवरूनच का, हे विचारायला नको का?

मागायचा हक्क

माझी एक अडचणही सांगते. लाडक्या बहिणीवर राज्याने २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद केली. मावशींच्या हातात दीड हजार येतात आणि त्यांचे ते स्वतःचे असतात, याचं मोल मी बघितलंय. नातवाची वह्या-पुस्तकं त्यातून आली. पण सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून ते बाहेरून आणावं लागलं, शाळेत शिक्षक नाही म्हणून शिकवणी लावावी लागली, तर त्या दीड हजारांचं काय उरतं? मला विचाराल तर आधी दवाखाना, शाळा, पाणी, शौचालय आणि मग रोख रक्कम. वस्तीतल्या काही जणी माझ्याशी या बाबतीत भांडतात. "दवाखाना सुधारेल तेव्हा सुधारेल ताई, आज डाळ आणायचीय," म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

आता कोणी म्हणेल, मावशी भरतात महिन्याला शे-दोनशे आणि घेतात दीड हजार, म्हणजे घेणं जास्तच की. असेल. पण सरकारी तिजोरी म्हणजे काही दुकान नव्हे, की जेवढे पैसे टाकले तेवढाच माल मिळाला पाहिजे. आपल्या घरात जास्त कमावणाऱ्याला जास्त पोळ्या वाढतो का आपण? आजारी सासूला दूध देताना तिने या महिन्यात किती कमावलं, हे विचारतो का? जे घरात चालतं, ते गावात का चालू नये? शिवाय वस्तीतल्या शौचालयाला दार नसेल, रोगराई पसरली, तर ती गल्ली बघून थांबत नाही. जी बाई सकाळी त्या वस्तीतून निघते, तीच आठ वाजता आपल्या घरात भांड्याला हात लावते.

आणि थकबाकीचं काय? मार्च आला की नगरपालिकेचे लोक वसुलीला दारोदार फिरतात. वस्तीतल्या नळाला कुलूप लावायची धमकी लगेच मिळते. बाजारपेठेतल्या तीन मजली इमारतीची थकबाकी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. 'शास्तीमाफीची योजना येईल, मग बघू' असं म्हणत ते बसून असतात. वेळेवर भरणारी मावशी मूर्ख आणि थकवणारा शहाणा, अशी शिकवण यातून मिळते.

म्हणून मैत्रिणींनो, तीन-चार साध्या गोष्टी करता येतील. घरपट्टीची पावती नीट वाचा, त्यात कशाकशाचे पैसे घेतलेत ते बघा. नव्याने कर आकारणी होते तेव्हा हरकत घ्यायला मुदत असते, ती चुकवू नका. नगरपालिकेच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो, तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला ते विचारा. मोठ्या थकबाकीदारांची यादी मागा. कितीतरी नगरपालिकांत काही वर्षं प्रशासकाचंच राज्य होतं. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर पुन्हा नगरसेवक आलेत आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आता विचारायला समोर माणूस आहे.

विचारून काय होतं, असं म्हणू नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. देशभरातल्या बायका, मुली बोलल्या, मोहिमा झाल्या, कोर्टात अर्ज गेले. वर्षभरात, जुलै २०१८ मध्ये, तो कर शून्यावर आला. आधी ज्या विषयावर घरातसुद्धा कुजबुज चालायची, त्यावर दिल्लीत बैठकीत निर्णय झाला.

असो. मावशींनी ती वही घडी करून पिशवीत टाकली आणि वस्तीत नेली. चार दिवसांनी अर्ज परत आला, त्रेपन्न सह्या आणि अंगठे घेऊन. अर्जाला त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट जोडली होती. अकरा घरांच्या घरपट्टीच्या पावत्यांच्या झेरॉक्स! आम्ही सहा जणी मिळून नगरपालिकेत गेलो. त्या वहिनीही आल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. टेबलामागच्या भाऊंनी अर्ज चाळला आणि म्हणाले, "ठेवून जा, बघतो." तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोच द्या साहेब. आम्ही पट्टी भरतो."

पोच मिळाली. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. दरवाजे अजून बसलेले नाहीत. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.